डॉक्टरांचा करडा कोट

धाकटा गेल्याची बातमी आली तेव्हा ताई इस्त्री करत होती. बातमी ऐकून तिने इस्त्री बंद केली. मग तिच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकाच्या पॅन्टची एकच बाजू झालीय, तेव्हा तिने इस्त्री पुन्हा चालू केली आणि दुसरी बाजूही करून टाकली. शेजारणीने हे दारातून पाहिलं आणि गल्लीभर केलं. सख्खा भाऊ गेला, तोही एवढा मोठा, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो, आणि ही बया इस्त्री फिरवतेय!

आता पॅन्ट अर्धी ठेवली असती तर भाऊ परत आला असता का? पण लोकांना कोण सांगणार. भेटायला येणारा प्रत्येकजण ताईच्या तोंडाकडे बघायचा, आता रडेल, मग रडेल. ताई पाणी द्यायची, चहा द्यायची, बसा म्हणायची. रडू येत नव्हतं, त्याला ती काय करणार? हातावर डोकं ठेवून झोपलं की हात कसा बधिर होतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. आतून टोचून बघितलं तरी काही लागत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर हे भाऊ गेल्यामुळे झालं नव्हतं. फार जुनं होतं. लोकांनी आत्ता पाहिलं, एवढंच.

ताई रफू करायची. तिच्या आधी तिचे वडील, अप्पा, करायचे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे कुरकुरणारा लाकडी जिना. दुकानात खिडकीला लागून उंच टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, आणि मागच्या भिंतीला लांबच्या लांब लाकडी कपाट. उन्हाळा लागला की अर्धं गाव आपले लोकरीचे कोट अप्पांकडे आणून टाकायचं. अप्पा ते ब्रशने झाडायचे, उन्हात धरायचे, डांबरगोळ्या घालून कपाटात टांगायचे, आणि थंडी पडली की ज्याचा त्याला द्यायचे. लोकर खाणाऱ्या कसरीपासून कपडे वाचवायचे आणि तरी भोक पडलंच तर ते बुजवायचं, असा या घराचा धंदा.

आणि या घरात जन्माला आला किड्यांचा भक्त! गल्लीतली पोरं त्याला किडोबा म्हणायची. खिशात सुरवंट, उशीखाली भुंगा. आई म्हणायची, याला जेवायला वाढू की याच्या पाहुण्यांना? ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. त्याचे खिसे धुवायच्या आधी तपासायचं काम तिचं. तो पुढे मोठा निसर्गशास्त्रज्ञ झाला, जगभर फिरला, पतंगांवर त्याने जाडजूड पुस्तकं लिहिली आणि लोकांनी ती वाचलीही, हे विशेष.

त्याच्यामागे सहा महिन्यांत त्याच्या चाहत्यांनी ठरवलं की हे घर, त्याचं बालपणीचं घर, लोकांना बघायला खुलं करायचं. धाकट्याची मुलगी, ताईची भाची, या कामात पुढे होती. पोरगी चांगली, बापासारखी तिरसट नाही. "आत्या, तू मागच्या खोलीतच राहा, तुला कोण हलवतंय?" असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिच्याबरोबर एक तरुण मांडणीवाला आला. कुठे कोणती वस्तू ठेवायची, दिवा कुठून सोडायचा, पाटी काय लिहायची, हे त्याचं काम. नम्र होता, जिन्यावर बूट काढून चढायचा. त्याच्यावर राग धरावा असं त्याच्यात काही नव्हतं, हीच पंचाईत.

त्याने खाली काचेची एक मोठी पेटी बसवली आणि विचारलं, "यात तो कोट ठेवायचा आहे. मिळेल का कुठे, त्या काळातला?"

तो कोट म्हणजे कुठला, हे धाकट्याची पुस्तकं वाचलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

धाकटा नऊ वर्षांचा असताना त्याला कळलं की कसरीची एक जात अशी आहे, जिची अळी स्वतःभोवती नळीसारखं घर विणते आणि ते घर पाठीवर घेऊन फिरते. ज्या लोकरीवर बसते तीच खाते, तीच विणते. मग या गाढवाच्या मनात आलं, लोकर बदलली तर? त्याने अळ्यांना आधी लाल शालीच्या तुकड्यावर ठेवलं. मग निळ्या मोज्यावर. मग करड्या रंगाची लोकर हवी होती. ती कपाटात टांगलेली होती, गावातल्या मोठ्या डॉक्टरांच्या अंगचा कोट, मऊ, उंची, गावात दुसऱ्या कुणाकडे नसेल असा. पठ्ठ्याने त्या कप्प्यातल्या डांबरगोळ्या काढून गटारात टाकल्या, आपल्या पाहुण्यांना त्रास होऊ नये म्हणून, आणि त्यांना कोटात सोडलं. सगळा उन्हाळा.

थंडीच्या सुरुवातीला अप्पांनी कोट काढला आणि खिडकीशी धरला, तर त्यातून उजेड यायला लागला. इथे तिथे, कॉलरखाली, बाहीवर, पाठीवर. अप्पा मटकन खाली बसले. आई तोंडाला पदर लावून उभी. आणि धाकटा? तो घाबरला नाही, पळाला नाही. धावत येऊन त्याने कोटाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि तो ओरडला, "अप्पा, पट्टे! पट्टे आले!"

अप्पांची नजर तेव्हाच अधू झाली होती. त्यांनी ते ताईच्या हातात दिलं. तांदळाच्या दाण्याएवढी नळी. मधे लाल, त्याच्या बाजूंना निळी, टोकांना करडी. फार सुंदर होती. ताईने हे कधीच नाकारलं नाही.

धाकट्याच्या आठवणींच्या पुस्तकात हे सगळं आहे, आणि खूप छान लिहिलंय. तिथे तो म्हणतो की माझ्या आयुष्याचं दार त्या भोकांतून उघडलं. पुढे एक वाक्य आहे: 'तो कोट नंतर फेकून दिला असावा.'

फेकून दिला असावा! अरे, गावभर झालं होतं की रफूवाल्याच्याच कपाटात कसर. लोक येऊन आपापले कोट घेऊन जायला लागले, जाताना झटकून बघायचे, तेही अप्पांच्या समोर. डॉक्टर आले. आरडाओरडा केला नाही, एवढंच म्हणाले, "मला माझा कोट होता तसा हवा." ते गेल्यावर अप्पा ताईला म्हणाले, "भोक कुठे होतं ते त्यांनाही सापडता कामा नये. सापडलं तर दुकान बंद. माझ्या डोळ्यांनी हे होणार नाही, पोरी."

ताईची ट्रंक तेव्हा भरून तयार होती. मोठ्या शहरात नर्सिंग शिकायला तिला जागा मिळाली होती. गल्लीतून अशी जाणारी ती पहिलीच मुलगी. तिने कळवलं की थोडा उशीर होईल, आणि कोट मांडीवर घेतला.

कोटाच्या खालच्या दुमडीत शिंप्याने भरपूर कापड सोडलं होतं. त्यातून एकेक धागा सोडवायचा, म्हणजे रंग तोच, लोकर तीच. मग भोकावर आधी उभे धागे, मग आडवे, मूळ विणीत एकाखाली एकावर. दुमडीत मावेल तेवढंच कापड, त्यामुळे चुकायची सोय नाही. अप्पांची आणखी एक शिस्त होती, उलटी बाजू सुलटीसारखीच दिसली पाहिजे. एकही टोक अस्तराखाली लोंबता कामा नये. ती दिवसभर खिडकीशी बसायची. अप्पा शेजारी बसून झालेल्या जागेवरून बोटं फिरवायचे, आणि बोट थबकलं की म्हणायचे, "उसव." ती उसवायची. धाकटा शाळेतून आला की म्हणायचा, "ताई, सगळी नको ना बुजवू, एक तरी ठेव!" त्याला पाठीत एक धपाटा मिळायचा.

हिवाळा अर्धा सरला तेव्हा कोट झाला. शहरातली जागा तोवर दुसऱ्या मुलीला देऊन झाली होती. डॉक्टरांनी कोट दुकानातच अंगात घातला, काढला, उजेडात उलटसुलट केला, पुन्हा घातला. म्हणाले, "कमाल आहे." गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. अप्पांचे डोळे पुढे पुरतेच गेले, मग ताई दुकानात बसली ती बसलीच. धाकट्याचं शिक्षण त्याच दुकानावर झालं. ट्रंकेत लोकरीचे गुंडे ठेवायला लागले. त्या काळातलं कधीतरी ताईच्या आतलं काहीतरी बधिर झालं असणार. दुखलं असतं तर निदान तारीख आठवली असती.

बऱ्याच वर्षांनी डॉक्टर गेले, तेव्हा त्यांची बायको तो कोट ताईला देऊन गेली. "हे शेवटपर्यंत भोक शोधत होते हो. नाही सापडलं," म्हणाली. ताईने तो आपल्या कपाटात टांगला. भरपूर डांबरगोळ्या घालून.

तर मांडणीवाल्याने विचारलं, आणि ताईने कोट काढून त्याच्यापुढे ठेवला. "हाच तो."

त्याने तो टेबलावर पसरला. दिवा खाली ओढला. भिंग लावलं. अर्धा दिवस बघत होता. ताईच्या परवानगीने त्याने अस्तराची एक बाजू सोडवून आतूनही पाहिलं. मग भाचीकडे बघितलं, आणि भाचीने ताईकडे.

"आत्या," भाची हळूच म्हणाली, "नक्की हाच का ग?"

"मग दुसरा कुठला?"

"नाही, म्हणजे, याला एकही भोक नाहीये. कधी पडलेलं दिसत नाही."

"रफू केलंय."

"ताई, रफू असेल तर दिसतं हो," मांडणीवाला अगदी अदबीने म्हणाला. "कितीही चांगलं असलं तरी भिंगाखाली दिसतं. आणि सरांनी स्वतः लिहिलंय की तो कोट फेकून दिला."

"दुमडी बघा. जवळजवळ सगळं कापड काढून घेतलेलं आहे."

"शिंपी कमी कापड सोडतात कधीकधी."

ताईने कोट उचलून घेतला. दुकानातून बाहेर पडताना भाची त्याला म्हणत होती ते तिला ऐकू आलं. वय झालंय तिचं, बाबा गेल्याचा धक्का, बोलत नाही पण आत असणारच, गोंधळ होतो. पोरगी मायेनेच बोलत होती. ताईला वाईट वाटायला हवं होतं. तिने जरा वाट पाहिली, पण काही वाटलं नाही, म्हणून तिने भांडी घासायला घेतली.

चार दिवसांनी मांडणीवाल्याने जुन्या बाजारातून एक करडा कोट आणला. त्याला भोकं होती. खरोखरची, कसरीचीच. तो त्याने काचेच्या पेटीत टांगला, मागून दिवा सोडला, आणि भोकांतून उजेड यायला लागला. बघणाऱ्याच्या काळजात चर्र व्हावं असं दिसत होतं, खोटं कशाला बोला. पाटी तयार होती: 'अशाच एका कोटातून.'

ताई त्या पेटीपुढे उभी राहिली. कुणाचा तरी अनोळखी कोट, आणि तिचा वर कपाटात, कधी काही झालंच नाही अशा थाटात. आयुष्यात तिने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती होती, आणि ती इतकी चांगली झाली होती की ती केलीच नाही म्हणायची वेळ आली. आणि इथे बऱ्याच दिवसांनी, म्हणजे बऱ्याच वर्षांनी, ताईला काहीतरी झालं. संताप आला. अगदी साधा, कानशिलं तापवणारा.

ती वर गेली, कोट घेऊन आली, आणि दोघांसमोर टेबलाशी बसली. डोळे मिटून तिने कॉलरखालून हात फिरवत आणला. एका जागी बोटं थबकली. बारीक कात्री आणि सुई घेऊन तिने तिथे काम सुरू केलं. मांडणीवाला श्वास रोखून उभा. एकेक आडवा धागा निघाला, मग उभे. शेवटी ताईने बोट घातलं, ते पलीकडून बाहेर आलं.

"हे घ्या," ती म्हणाली. "दिसलं?"

"बाप रे!" मांडणीवाला म्हणाला, आणि खुर्चीवर बसला. मग उठून त्याने फोटो काढले, भाचीने तोंडावर हात ठेवला, दोघंही एकदम बोलायला लागले. खराच कोट! खरंच भोक! भाचीने ताईला मिठी मारली. "आत्या, सॉरी ग, सॉरी! आता बाकीची पण उघड ना! तुझ्याशिवाय कुणाला सापडणारसुद्धा नाहीत. बाबांची सगळी भोकं लोकांना दिसू देत."

"नाही."

"अगं पण आता तर..."

"भोकं त्याची असतील. कोट माझा आहे. तुम्हाला पुरावा हवा होता, दिला. फोटो लावा हवा तेवढा मोठा. कोट राहील तर बुजवलेलाच राहील, नाहीतर तो बाजारातला टांगा." एवढं सलग बोलायची तिला सवय नव्हती. दम लागला. "आणि आता वर येऊ नका कुणी. मला हे बंद करायचंय."

दुमडीत थोडंसं कापड उरलं होतं, एका भोकापुरतं. वरच्या खोलीत खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, तरी तिने दिवाही लावला. सुईत धागा ओवायलाच इतका वेळ गेला की तिला हसू आलं. उभे धागे जमले. आडव्यात गडबड होत होती. कोणता धागा वर, कोणता खाली, डोळ्यांपुढे सगळं एकमेकांत मिसळत होतं. जुनी लोकर, ओढली की तुटायची. अप्पा असते तर म्हणाले असते, उसव. पण उसवून पुन्हा घालायला धागा होता कुठे? जे होतं त्यात तिने संपवलं. कोट दूर धरून पाहिला.

दिसत होतं. चुणी पडली होती. आंधळ्यालाही सापडलं असतं.

आणि ताई रडायला लागली. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, लहान पोरांसारखी.

चहा घेऊन आलेली भाची दारातच थांबली, मग कप ठेवून धावली. "रड, आत्या, रड! किती दिवस कोंडून ठेवलंस. मी म्हणतच होते, एकदा रडून घे. बाबांची आठवण आली ना?"

ताईने नकारार्थी मान हलवली.

"त्याच्यासाठी नाही रडत मी," ती म्हणाली. "तो गेला तेव्हा मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. तुझा बाप आहे, तुला वाईट वाटेल, पण खोटं कशाला बोलू? हे बघ. हे बिघडलं."

भाचीचा पाठीवरचा हात थांबला. पण तिने काढून घेतला नाही. वाकून कॉलरखाली पाहिलं.

"दिसतंय," ती म्हणाली.

"हो ना."

"आधी नव्हतं दिसत. बाकीची अजूनही नाही दिसत." ती बाजूच्या स्टुलावर बसली. तिने कोट अर्धा आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बाहीवरून तळवा फिरवत राहिली. मग विचारलं, "बाबांनी कधी पाहिला हा? फेकला नव्हता हे त्यांना माहीत होतं?"

"पाहिला की. पुस्तक आल्यावर एकदा आला होता. मीच दाखवला. बाहेर नेऊन उन्हात बसला भिंग घेऊन. पतंगाची अंडी ज्या भिंगाने बघायचा ना, त्या. जेवायला हाक मारली तरी उठला नाही."

"सापडलं एखादं?"

"एकही नाही."

"मग काय म्हणाले?"

ताईने पदराने नाक पुसलं. "म्हणाला, ताई, सगळा पुरावा घालवलास की ग तू."

भाची थांबली. आणखी काही असेल, म्हणून ताईच्या तोंडाकडे बघत राहिली. खाली मांडणीवाला पेटीतला बाजारचा कोट उतरवत होता, हँगरचा आवाज येत होता.

"एवढंच?" भाचीने विचारलं.

"एवढंच," ताई म्हणाली, आणि गार होत आलेल्या चहाचा कप तिने हातात घेतला.